तो क्लस्टर नक्की कुणाचा?

त्या दुपारी लॅबमधले सगळे स्क्रीनभोवती जमले होते. सोयाबीनच्या मुळांच्या सिंगल-सेल डेटात, म्हणजे एकेका पेशीत कुठली जीन्स चालू आहेत याच्या नोंदीत, एक क्लस्टर (सारख्या पेशींचा गट) बाकीच्यांपासून अगदी सुटा पडला होता. "ताई, नवीन सेल टाइप!" डेटा बघणारा मुलगा म्हणाला. ओळखीचा एकही मार्कर, म्हणजे पेशीचा प्रकार ओळखून देणारं जीन, जुळत नव्हता. सर पेपरचं शीर्षक ठरवायला लागले.

मार्कर न जुळणं सोयाबीनमध्ये फारसं काही सांगत नाही. 2010 मध्ये जीनोम आला तेव्हाच दिसलं होतं, की जवळपास 75 टक्के जीन्सच्या एकाहून जास्त प्रती आहेत. अरॅबिडॉप्सिस या अभ्यासातल्या नेहमीच्या रोपाचा मार्कर यातल्या कुठल्या प्रतीत शोधायचा? मी जीन्सची यादी उघडली आणि धस्स झालं. ताण आला की बनणारी हीट शॉक प्रोटीन्स, जखम झाल्यावर जागी होणारी जीन्स.

वनस्पतीच्या पेशीला भिंत असते. ती सेल्युलेज आणि मॅसरोझाइम या एन्झाइममध्ये तास-दोन तास विरघळवल्याशिवाय पेशी सुट्या होत नाहीत. द्रावात पेशीत पाणी घुसू न देणारं मॅनिटॉल कमी पडलं की प्रोटोप्लास्ट, म्हणजे भिंत काढलेल्या पेशी, फुगून फुटतात. पिपेटच्या टिपचं टोक मी कापूनच घेते, नाहीतर ते ओढतानाच फाटतात. फ्लोरेसीन डायअॅसिटेट घातल्यावर जिवंत गोळे मायक्रोस्कोपखाली हिरवे चमकतात आणि सगळे खूश होतात. पण त्या दोन तासांत पेशीवर काय गुजरलं ते त्या हिरव्या रंगात दिसत नाही, ते आरएनएत उतरतं. 2003 मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या मुळाचा नकाशा करणाऱ्यांनी अशी, एन्झाइमच्या धक्क्यानं चालू होणारी जीन्स वेगळी काढली होती. तयार डेटाच्या फाइलपासून काम सुरू करणाऱ्यांना हे कोणी शिकवतच नाही.

मी कंट्रोल मागितला: अर्धी मुळं थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये, अर्धी एन्झाइममध्ये, दोन्हींचं साधं आरएनए-सीक, म्हणजे कुठली जीन्स किती चालू आहेत याची मोजणी. सर नाराज झाले. कंट्रोलवर पैसे घालायला आपल्याकडे कुणी राजी नसतं, याचा मला मनापासून राग येतो. अखेर तो झाला. क्लस्टरमधली बहुतेक जीन्स एन्झाइमनंच चढलेली निघाली.

बहुतेक, सगळी नाहीत. मूठभर जीन्स दोन्हीकडे सारखीच आहेत. शिवाय एन्झाइम सगळ्याच पेशींना लागलं, मग एवढा धक्का याच पेशींना का बसला? त्या मुळातच वेगळ्या असतील, तर सरांचं म्हणणं अर्धं बरोबर ठरतं.

आता मी तशीच मुळं बर्फावर, गार बफरमध्ये ब्लेडनं चिरून केंद्रकं काढतेय. केंद्रकाबाहेरचा, सायटोप्लाझममधला आरएनए हातचा जातो, पण एन्झाइम लागत नाही. हा गट त्यात दिसतो का, ते पाहायचंय.