सर्दी झालेली नाही

१४ डिसेंबर, हर्णै

काढ्याचा तिसरा पेला आत्ता संपवला. सुंठ, मिरी, गवती चहा, गूळ. सर्दी मला झालेलीच नाही.

काल लिलावाच्या वेळी पुळणीवर गेले. बैलगाड्या पाण्यात शिरलेल्या, होड्यांतून माल गाडीत चढत होता, मागे सुवर्णदुर्गावर ऊन कलतं. मत्स्य कॉलेजच्या गटाबरोबर आठ दिवस जपानला होते, म्हणून मुद्दाम गेले. आईच्या मागे दोन हातांवर पोचले आणि माझा हात आपोआप वर गेला. रुमाल नाकाला. पाच-सहा श्वास, जास्त नाही. तेवढ्यात आईनं मागे वळून बघितलं. तिचे दोन्ही हात बांगड्याच्या ढिगात होते, मनगटाला खवलं चिकटलेली. तिनं आधी रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थंडी बाधली काय गो तिकडं?"

मी हो म्हटलं.

हात वर गेला तो मला विचारून गेला नाही, त्याचं मी एक वेळ समजू शकते. पण ते "हो" मी म्हटलं.

वास कशाचा येतो हे मी परीक्षेत लिहून आलेय. समुद्राच्या मासळीच्या मांसात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड असतं, त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइल अमाइन करतात आणि त्यालाच आपण मासळीचा वास म्हणतो. मुशीची, म्हणजे शार्कची, गोष्ट वेगळी, तिच्या अंगात युरिया असतो आणि त्याचा अमोनिया होतो. म्हणजे पुळणीवर जो वास असतो तो आत्ता उतरलेल्या बांगड्याचा नसतोच. तो बांबूच्या पाट्यांत मुरलेल्या चिकट पाण्याचा, वाळूत पडलेल्या आतड्यांचा, वरच्या अंगाला वाळत घातलेल्या बोंबलांचा. हे सगळं माहीत होतं आणि तरी वीस वर्षांत मला तो कधी आला नव्हता. आठ दिवसांत आला.

तिकडे बघितला तो टोकियोचा टोयोसू मासळी बाजार. २०१८च्या ऑक्टोबरात जुना त्सुकिजी बंद करून इथे आणला. ट्यूनाचा लिलाव पहाटे साडेपाचला सुरू होतो. जवळून बघायचं तर आदल्या महिन्यात अर्ज करावा लागतो, मग सोडत निघते आणि आत जेमतेम दहा मिनिटं उभं राहता येतं. सोडतीत आमचा नंबर लागला नाही. वरची गॅलरी मात्र कुणालाही खुली आहे, नोंदणी लागत नाही. पुढे कुणी गट घेऊन जाणार असेल तर एवढंच सांगेन की राहायची जागा बाजाराजवळच घ्या. लांबून निघालात तर पोचेपर्यंत निम्मे मासे विकले गेलेले असतात.

खाली हिरवी जमीन. लाल मांसाचा रंग उठून दिसावा म्हणून ती मुद्दाम हिरवी केलीय. त्यावर रांगेनं ट्यूना, प्रत्येकावर नंबर. शेपटीजवळ काप दिलेला. घेणारे टोपीला परवान्याची पाटी लावून फिरतात, त्या कापावर बॅटरी मारतात, मांसाचा कण काढून दोन बोटांत चोळतात. तेल किती सुटतं ते असं कळतं. घंटा वाजली की बोली, आणि बोली बोटांच्या खुणांनी. त्या खुणांना तिकडे 'तेयारी' म्हणतात. हा शब्द आईला सांगायचा म्हणून मी वहीत लिहून ठेवला होता.

तिकडे वास का नाही, हेही वहीत आहे. तो मासा येतो तेव्हा त्याचे कल्ले आणि आतडी आधीच काढलेली असतात. रक्त पकडल्या पकडल्या वाहू दिलेलं असतं. हॉल बंदिस्त आणि थंड. गोठवलेला माल उणे ६० अंशांवर ठेवतात, कारण साध्या फ्रीझरच्या उणे १८-२० अंशांत मांसाला लाली देणारं मायोग्लोबिन हळूहळू तपकिरी पडतं. खायला चालतो, पण लाली गेली की भाव गेला. २०१९च्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. किलोला १२ लाख येन.

हे सगळं लिहिताना आत्ता लक्षात येतंय की मी काचेमागे होते. टोयोसूला वास येतो की नाही हे मी सांगूच शकत नाही. जो बाजार मी फक्त डोळ्यांनी बघितला, त्याच्याशी आईच्या बाजाराची तुलना माझ्या नाकानं केली.

पण हे आत्ता सुचतंय. तेव्हा "हो" म्हटलं.

आणि सोडे. निघायच्या आधी आईनं अर्धा किलो सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, दिले होते, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. मी सांगितलं की तिकडे विमानतळावर काढून घेतात. जपानमध्ये मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, ताज्या फळांना तपासणीचा दाखला लागतो. घरच्या खाण्यापुरत्या सुक्या सोड्यांना ती बंदी नाही, आणि सामानाची यादी मीच केली होती, त्यामुळे मला ते ठाऊक होतं. शिरगावला कॉलेजच्या होस्टेलमधल्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर ते अजून आहेत. लिफ्टमध्ये आमच्या गटातली प्राची जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण ते तिकडे पोचल्यावरचं. सोडे त्याच्या आधीच कपाटात गेले होते.

रात्री रडूही आलं. बाकीच्या मुली चिपळूणच्या, सांगलीच्या. त्या घरी गेल्या, फोटो दाखवले, झोपल्या. प्रत्येक वासाचा हिशोब मलाच का द्यावा लागतो?

पण आईनं हिशोब मागितलाच कुठे. तिनं तर उत्तर माझ्या हातात आणून दिलं, थंडी बाधली काय म्हणून. मी फक्त ते घेतलं. यातलं कुठलं जास्त बोचतंय तेच कळत नाही.

आज सकाळी तिनंच विचारलं, तिकडे बर्फ कसा घालतात. मग अर्धा तास बसून बोललो. आपल्याकडे लादी फोडताना मोठे तुकडे राहतात, त्यांच्या धारेनं मासा दबतो, कातडी फाटते आणि तिथूनच नासायला लागतो. बर्फ बारीक हवा. उन्हाळ्यात किलोला किलो. खाली थर, मधे थर, वर थर. क्रेटच्या बुडाला भोकं हवीत, म्हणजे वितळलेलं पाणी रक्त आणि चिकटा घेऊन निघून जातं; नाहीतर खालचा मासा त्याच पाण्यात बुडून राहतो. बांगडा आणि कुपा (आपल्याकडचा ट्यूना) यांना तर जास्तच जपायचं. चार अंशांच्या वर बराच वेळ राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. आई म्हणाली, "बांगडा अंगावर उठतो म्हणतात तो हाच काय?" हाच. तिला ते आधीपासून माहीत होतं, फक्त नाव नव्हतं.

पाट्यांचंही बोललो. बांबू कितीही धुतला तरी सांध्यात चिकटा राहतोच. प्लास्टिकचा क्रेट घासून निघतो, पण धुवायला पाणी पुळणीच्या कडेचं नको, तिथेच सगळी घाण येते. ती म्हणाली, चार क्रेट घेऊन बघू, बाकी पाट्या राहू देत, गाडीवाल्याला त्याच सोयीच्या पडतात. बरोबर आहे तिचं.

तेवढं बोलणं झालं आणि मी एकदाही त्या "हो"पाशी आले नाही. दोनदा जवळ पोचले. एकदा ती बर्फाचा भाव विचारायला लागली, एकदा मीच तेयारीच्या खुणा करून दाखवायला लागले.

आई चौथा पेला उकळतेय. गवती चहाचा वास इथपर्यंत येतोय. तो घेणार, आणि पेला परत देताना सांगणार.