नंबर कुठे आहे?

इंदूरला रामबागेत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, मानपत्रं, हेच रोजचं काम. गेल्या वर्षी एक मुलगा बायकोच्या नावाने विकत घेतलेल्या ताऱ्याचं सर्टिफिकेट घेऊन आला. साडेतीन हजार मोजले होते म्हणे. असं विकत घेतलेलं नाव कुठे चालत नाही हे माहीत असूनही मी निमूट फ्रेम करून दिली, आणि ते निमूट बसणं पुढे महिनाभर टोचत राहिलं. मला आकाशाचा नाद जुना. गच्चीवर सहा इंची दुर्बीण आहे, बायको तिला सवत म्हणते.

त्यामुळे परवा दुपारी एक आजोबा प्लास्टिकच्या फाइलीतून कागद घेऊन आले आणि म्हणाले, "नातीच्या नावाचा लघुग्रह आहे रे, झकास फ्रेम कर," तेव्हा मी ठरवलं, या वेळी बोलायचंच.

"काका, किती पैसे घेतले ह्याचे?"

"कोणी?"

मग मी सुटलोच. लघुग्रहाचं नाव विकत मिळत नाही. सापडला की आधी साल, दोन अक्षरं आणि बहुतेकदा एखादा आकडा चिकटतो. मग काही वर्षं पुन्हा पुन्हा दिसून कक्षा पक्की झाली की नंबर मिळतो. त्यानंतर शोधणाऱ्याने नाव सुचवायचं, आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या समितीने मान्य करायचं. पंडित जसराजांचाच घ्या. 2006 साली सापडला, नाव मिळालं 2019 ला. नंबर 300128. पंडितजींचा जन्म 28 जानेवारी 1930 चा, म्हणजे 28-01-30. आता ह्या जोड्या मागून वाचा! "नंबराशिवाय नाव नसतं, काका. ह्यात नंबर कुठे आहे?"

आजोबांनी शांतपणे चष्मा लावला आणि फाइलची काळी पट्टी सरकवली. पट्टीखाली कागदाची कड दबली होती. तिथे पाच आकडी नंबर, पुढे नातीचं नाव आणि आडनाव जोडून एकच शब्द.

"तू मास्तर होतास का रे आधी?" एवढंच विचारलं त्यांनी.

नातीचा प्रकल्प अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत गेला होता, तिच्या गटात दुसरा आला. तिथल्याच एमआयटी विद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेची 'लिनियर' नावाची मोहीम होती. पृथ्वीजवळ येणारे दगड हुडकायला न्यू मेक्सिकोत दुर्बिणी लावल्या, आणि मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले लाखाहून जास्त लघुग्रह हाती लागले. एवढ्यांना नावं तरी कुठून आणायची, असं मला आपलं वाटतं! 2001 पासून त्यांनी अशा स्पर्धांतल्या विजेत्या मुलांची, काही शिक्षकांचीही नावं सुचवली. हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण डोळ्यांपुढे तो साडेतीन हजारवाला बसला होता ना.

तरी नंबर मोबाइलवर टाकून बघितलाच. होता.

माउंटची, म्हणजे कागदाभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी मी सवयीने कडेपासून सेंटिमीटरभर आत कापतो. तसं केलं असतं तर नंबर पुन्हा झाकला असता. या वेळी कागदाखाली वेगळा पुठ्ठा घालून चारी कडा उघड्या ठेवल्या. आजोबा स्टुलावर बसून बघत होते.

"तुझ्या दुर्बिणीतून दिसेल का रे?"

"छे, काका. फार अंधुक असतात हे. दोन-चार किलोमीटरचा दगड, तोही कुठल्या कुठे."

त्यांनी थोडा विचार केला.

"मग फ्रेम जरा मोठी कर."