स्क्रीन बंद करून ऐकलेली वेबसाइट

हिवाळी परीक्षेच्या फॉर्मला चार दिवस उरले होते. सिंदेवाहीकडच्या एका गावातून मुलाचा फोन आला. "सर, तुमची साइट मले फॉर्मच भरू देत नाही जी." मी विद्यापीठाच्या संगणक विभागात कंत्राटी माणूस, असे फोन रोजचेच. सवयीने म्हटलं, "पेज रिफ्रेश कर." तो म्हणाला, "मले दिसत नाही सर. कॅप्चा कसा वाचू?"

दृष्टिहीनांना साइट वापरता यावी, हे काम माझ्या मते केव्हाच झालं होतं. वर्षभरापूर्वी ठेकेदाराने कोपऱ्यात अक्षर लहानमोठं करायची बटणं लावून दिली आणि फाइल बंद झाली होती.

त्या मुलाला बोलावलं. हलक्या धानाची कापणी सुरू, घरचं कोणी मोकळं नव्हतं. एकटाच एसटीने आला. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. मी स्क्रीन बंद केली आणि नुसतं ऐकलं. त्याने लिंकची यादी काढली: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा... "कोणत्यावर करू सर?" मेनू माउस नेल्याशिवाय उघडतच नव्हता. तो टॅब दाबत त्याच्यावरून पुढे निघून जायचा.

मग सूचना. बहुतेक म्हणजे सही-शिक्क्याचे स्कॅन, तिथे लॅपटॉप गप्प. एक पीडीएफ मात्र मजकुराची निघाली, मला हायसं वाटलं. तर त्यातून भलतीच इंग्रजी बडबड. बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं: आय, जे, एच, महिरपी कंस, के, के. दोन मिनिटांनी ट्यूब पेटली. तो 'परीक्षा' हा शब्द होता! कृतिदेवमध्ये टाइप केलेला. या फॉन्टमध्ये अक्षरं दिसायला देवनागरी, पण आत साठवलेली रोमन. डोळ्यांची फसवणूक होते, यंत्राची होत नाही. आमची वीस वर्षांची परिपत्रकं अशीच पडून आहेत.

कोड दुरुस्त करणं त्या मानाने सोपं गेलं. कॅप्चा काढून मोबाइलवर ओटीपी, लिंकांना नीट नावं, मेनू कीबोर्डवर, लाल पळती पट्टी बंद. फिकट राखाडी अक्षरं गडद केली. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान 4.5 : 1 एवढा फरक लागतो. ठेकेदाराने जादा बिल लावलं, ते वेगळंच रामायण.

बैठकीत "एका पोरासाठी एवढं?" हा प्रश्न आलाच. मी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा छापून नेला होता, आणि राजीव रतुरी खटल्यातला नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही: सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सोयी वापरता येण्याचे, नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक हवेत. त्यानंतर चहा आला आणि विषय मंजूर झाला.

खरी अडचण टंकलेखनाची. आस्थापनेतल्या ताई म्हणाल्या, "भाऊ, तीस वर्षांची बोटं आता कुठं बदलू?" बरोबरच होतं. रेमिंग्टन टाइपरायटरवर घडलेला हात तो. मग युनिकोडमध्येच, म्हणजे अक्षरं आतही देवनागरीच साठवणाऱ्या पद्धतीत, रेमिंग्टनचा कीबोर्ड बसवून दिला. एकदोन जोडाक्षरं अडली, बाकी बोटं तीच. दुपारपर्यंत त्यांनी अख्खं परिपत्रक काढलं आणि शेजारच्या टेबलालाही शिकवलं. सहीचा स्कॅन हवाच असा साहेबांचा हट्ट होता. म्हणून वर मजकूर, खाली स्कॅन, अशी तडजोड केली.

उन्हाळी परीक्षेचा फॉर्म त्या मुलाने घरी बसून, एकट्याने भरला. जुन्या निकालांचे तक्ते अजून तसेच आहेत.

परवा त्याचा पुन्हा फोन. "सर, कालच्या सूचनेत तारीखच बोलत नाही." उघडून पाहिलं. कुणीतरी व्हॉट्सअॅपवरचा फोटो चढवला होता, तोही आडवा.