गाडी चार दिवसांत, बोजा पाच महिन्यांत

जुनी गाडी घ्यायची आहे, एवढंच मी स्टाफरूममध्ये बोलले आणि मधल्या सुट्टीत सल्ल्यांचा पाऊस पडला. बॉनेट उघडून बघा, इंजिन थंड असतानाच स्टार्टर मारा, ऑईलचं झाकण काढून आत पांढरट साय दिसते का बघा, दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावा, चिकटलं नाही तर लांबी (पुट्टी) भरलीय समजा. सगळे सल्ले बरोबर होते. आरसी बुकाची मागची बाजू वाचा, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय.

गाडी म्हणजे २०१३ पासिंगची वॅगन-आर, ५८ हजार किलोमीटर पळालेली. मालक निवृत्त ग्रामसेवक, वय ७४, गुडघे गेलेले म्हणून गाडी काढत होते. शाळेच्या ओळखीतूनच नाव कळलं. मी आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीला सोबत नेलं आणि बघण्याचे त्याला पाचशे रुपये दिले. त्यात कंजूषपणा करू नका. त्याने खड्ड्यातून गाडी नेऊन उजवीकडचा लोअर आर्म वाजतोय हे ऐकलं, टायरवरचा चार आकडी नंबर वाचून टायर २०१९ चे आहेत हे सांगितलं (शेवटचे दोन आकडे वर्षाचे, आधीचे दोन आठवड्याचे), आणि क्लच वर लागतोय, वर्षभरात प्लेट टाकावी लागेल असंही बजावलं. हे इंजिन टायमिंग चेनचं आहे, बेल्टचा खर्च नाही, म्हणून तो खूश होता. आर्म, टायर आणि क्लच या तीन गोष्टींवर मी पंधरा हजार कमी करून घेतले. सौदा १ लाख ८५ हजारांत ठरला. काकांनी टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, लगेच सह्या केल्या, काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि मी त्याच दिवशी सगळे पैसे ट्रान्सफर केले.

सगळे पैसे. इथेच माझी घाई नडली. वीस-पंचवीस हजार नाव लागेपर्यंत मागे ठेवायला हवे होते. काका भला माणूस होता म्हणून निभावलं.

दोन दिवसांनी ऑनलाईन अर्ज भरायला बसले तर पडद्यावर गाडीच्या माहितीत एका सहकारी बँकेचं नाव. आरसी कार्ड उलटं केलं, तिथेही तेच. गाडीवर बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद. बोजा असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलत नाही. काकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो बाई, कर्ज २०१८ लाच फिटलंय. दाखला आहे माझ्याकडे." खरंच होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून, बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि बोजा उतरवायचे सही-शिक्क्याचे दोन ३५ नंबर फॉर्म. फक्त ते आरटीओत कधी दिलेच नव्हते. आणि एनओसीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं: ९० दिवसांसाठी वैध.

ठीक आहे, बँकेत जाऊन नवीन घेऊ, असं मला वाटलं. पण ती बँकच राहिली नव्हती. मधल्या काळात ती दुसऱ्या मोठ्या सहकारी बँकेत विलीन झाली होती.

जुन्या शाखेच्या जागी नव्या बँकेचा बोर्ड होता. काउंटरवरच्या साहेबांनी एनओसी हातात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ही आमची बँक नाही." मी म्हटलं, "बोर्ड तर तुमचाच आहे." ते म्हणाले, बोर्ड आमचा आहे, कर्ज आमचं नाही. विलीनीकरणाच्या वेळी चालू खाती नव्या प्रणालीत आली, बंद झालेली कर्जखाती आलीच नाहीत. खातंच दिसत नाही तर ते फिटलं असं लिहून कसं देणार? ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. मग मी विचारलं, कर्जच दिसत नसेल तर बोजा कसला? यावर त्यांची जेवणाची वेळ झाली. म्हणजे दीड वाजला.

पुढच्या वेळी कळलं की मी कोणीच नाही. अर्ज कर्जदारानेच द्यायचा, ओळखपत्रासह, समक्ष. मग मी शनिवारची सकाळची शाळा सुटली की काकांना त्यांच्याच गाडीत बसवून बँकेत नेऊ लागले. पहिल्यांदा ते मागे बसले, दुसऱ्यांदा पुढे, आणि तिसऱ्या खेपेला मला गिअर केव्हा टाकायचा ते शिकवू लागले. (महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते, हे माहीत असूनही एकदा आम्ही बंद शटरसमोर उभे होतो.)

शाखेने अर्ज मुख्य कार्यालयाकडे पाठवला. मुख्य कार्यालयाने सहा आठवडे काही केलं नाही. फोन केला की, "फाईल प्रोसेसमध्ये आहे." कुठल्या टेबलावर आहे, हे सांगायला कुणी तयार नाही. तोवर गाडी मी चालवतेय, पण कागदावर ती काकांची. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर आपोआप येतो, पण माझ्या गाडीचं नुकसान झालं तर भरपाईसाठी पॉलिसी माझ्या नावावर हवी, आणि विमा कंपनी म्हणे आधी नवी आरसी आणा. रोज २२ किलोमीटर जाताना मागून ट्रक आला की पोटात गोळा. एकदा सीटबेल्टचं चलन झालं. ते गेलं काकांच्या मोबाईलवर. रात्री साडेनऊला फोन, "बाई, पट्टा लावत जा. आम्हाला मेसेज येतो."

हो, गाडी घ्यायच्या आधी तिच्यावरची जुनी चलनंही ऑनलाईन बघून घ्या. काकांची दोन होती, त्यांनी लगेच भरली.

गाडं हललं ते दोन गोष्टींनी. एक, काकूंच्या लोखंडी ट्रंकेत कर्जखात्याचं जुनं पासबुक सापडलं. शेवटच्या पानावर शेवटचा हप्ता, शिल्लक शून्य आणि शिक्का. कर्ज फिटलं तरी पासबुक टाकून देऊ नका. दोन, मी काकांच्या नावाने लेखी तक्रार लिहिली आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतला. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत बोजा उतरवायचा, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना. आमचं कर्ज २०१८ चं, त्यामुळे तो आम्हाला लागू नव्हता. तरी मी त्याचा उल्लेख केला. शिवाय ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, हेही लिहिलं. तो हक्क मात्र खरा होता. मराठीची शिक्षिका आहे, अर्जात एक शुद्धलेखनाची चूक सापडणार नाही याची काळजी घेतली. मला त्या अर्जाचा अजून अभिमान वाटतो.

सोळाव्या दिवशी एनओसी आली. तीत गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकलेला.

काका शांतपणे म्हणाले, "चहा घेऊ." मी घेतला नाही. त्या दिवशी काउंटरवर नवीनच लागलेली एक मुलगी होती. तिने कागद वाचला, आत गेली, स्वतः मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. दोन तासांत दुरुस्त पत्र मेलवर आलं, तिने छापलं, मॅनेजरची सही आणली, ३५ नंबरच्या दोन्ही प्रतींवर शिक्के मारले. जे पाच महिने झालं नाही ते दोन तासांत होतं, हे बघून मला आनंदापेक्षा राग जास्त आला.

आरटीओत आणखी एक फेरी वाया गेली, कारण त्यांच्या नोंदीत जुन्या बँकेचं नाव आणि पत्र नव्या बँकेचं. विलीनीकरणाचा पुरावा मागितला. अशा विलीनीकरणाचं प्रसिद्धीपत्रक रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असतं. त्याची प्रत काढून जोडली, चाललं. तुमचंही प्रकरण असंच असेल तर पहिल्याच फेरीला ती न्या. बाहेरच्या एजंटने या सगळ्याचे आठ हजार सांगितले होते. बँकेचं पत्र मात्र तुम्हीच आणायचं, म्हणाला. मग आठ हजार कशाचे?

चेसिस नंबरची पेन्सिलने छाप, पीयूसी, नवी नंबरप्लेट, फी, हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बारा दिवसांनी स्पीड पोस्टने कार्ड आलं. मी आधी मागची बाजू बघितली. बँकेच्या नावाची जागा रिकामी.

त्याच आठवड्यात क्लच प्लेट गेली. मेस्त्रीला त्याचा कोण आनंद.

कार्ड दाखवायला काकांकडे गेले तेव्हा त्यांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला होता, आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या. त्यांनी विचारलं, "बाई, किती दाबू?" मी म्हटलं, "मला विचारू नका." त्यांनी पाच दाबले.

"ती शेवटची पोरगी चांगली होती हो," म्हणाले.