तिसऱ्या पानावरची उंची

तालुक्याच्या पानांवर रात्री साडेनऊनंतर जागेची मारामारी असते. त्या रात्री एक जाहिरात उशिरा आली आणि तिसऱ्या पानाचे दोन कॉलम गिळून बसली. माझ्यापुढे तीन बातम्या उरल्या होत्या, आणि तिन्हींत कुणाची ना कुणाची उंची होती.

पहिली होती जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या महिला पोलिस अधीक्षकांची. आमच्या वार्ताहराने सुरुवातच केली होती, ‘उंचपुऱ्या, देखण्या आणि करारी...’ पुढे लगेच, ‘पाच फूट नऊ इंच उंचीमुळे पहिल्याच बैठकीत दरारा जाणवला.’ आधीच्या जिल्ह्यात बाईंनी काय काम केलं, ते शेवटच्या परिच्छेदात. दुसरी पोलिस भरतीची, तिथली काही मुलं उंची-छातीतच बाद झालेली. शिपाईपदासाठी मुलांना १६५ सेंटिमीटर लागतात, मुलींना १५५. धावण्यात कितीही तरबेज असलात तरी मोजपट्टीपुढे वशिला नाही. तिथे उंची हीच बातमी, त्यामुळे हात लावायचा प्रश्न नव्हता.

तिसरी होती बेपत्ता आजोबांची. पोलिस ठाण्याकडून आलेला मजकूर नेहमीच्या साच्यातला: वय ७२, रंग सावळा, चेहरा उभट, बांधा सडपातळ, उंची ५ फूट १ इंच, अंगात पांढरा सदरा व धोतर, बोलताना अडखळतात. पान लावणारा म्हणाला, “ताई, बांधा आणि उंची उडवली, बरोबर बसलं बघा.”

“उंची परत घे,” मी म्हटलं.

पूर्वी गुन्ह्यांच्या बातम्या करताना हवालदारांकडून ऐकलेलं डोक्यात पक्कं होतं. अनोळखी माणूस कुठे सापडला की कपडे बदललेले असतात, चेहरा ओळखू येईलच असं नसतं, वय तर अंदाजाचंच. उंची मोजता येते. दोन ठाण्यांची वर्णनं जुळवताना आधी तीच बघतात. नेमकी तीच आम्ही छाटत होतो, आणि अधीक्षकबाईंचे पाच फूट नऊ इंच मात्र इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच.

डेस्कवरचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी क्रीडा पानाचे. ते म्हणाले, “अगं, उंची लिहायचीच नाही असं थोडंच आहे?” आणि वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज जोएल गार्नर याच्यावर सुरू झाले. सहा फूट आठ इंच, आणि १९७९च्या विश्वचषक अंतिम सामन्यात ३८ धावांत ५ बळी. तेवढ्या उंचीवरून सुटलेला यॉर्कर फलंदाजाला कसा दिसतो हे सांगायला ती उंची हवीच. मान्य. नागपूरची ज्योती आमगे ६२.८ सेंटिमीटर उंचीची, जगातली सर्वांत कमी उंचीची महिला म्हणून २०११मध्ये गिनेसमध्ये गेली. तिच्या बातमीत आकडा नसेल तर बातमी कसली? पण १९६६च्या ताश्कंद कराराचे फोटो काढून पाहा. शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान शेजारी उभे असले की उंचीतला फरक आपोआप दिसतो. तिथेही आपण ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ लिहून मोकळे होतो, आणि मग तेच कुठल्याही बुटक्या नगरसेवकाला चिकटवतो. पुरुष अधिकारी बातमीत ‘डॅशिंग’ असतो. बाई अधिकारी झाली की आम्ही फूटपट्टी काढतो.

वार्ताहराला फोन लावला. तो वैतागला. “ताई, दिसतं ते लिहिलं. लोकांना आवडतं असं.”

“बरं. आधीच्या साहेबांची उंची किती होती?”

“कोणाची? ...छे, कोण बघतंय!”

“तीन वर्षं त्यांच्या प्रत्येक पत्रकार परिषदेला होतास.”

तो हसला. मग म्हणाला, “इंट्रो काढा. पण ‘करारी’ राहू द्या.”

‘करारी’ही काढलं, पहिल्याच दिवशी ते कळायला काही मार्ग नव्हता. शेवटचा परिच्छेद उचलून वर घेतला. चार ओळी सुटल्या. आजोबांचा बांधा, उंची आणि ठाण्याचा फोन नंबर, सगळं त्यात बसलं. दहा चाळीसला पान सोडलं.