खुर्चीतून अर्धवट उठणं

बुधवार, रात्री

तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. एवढंच झालं. जहांगीर आर्ट गॅलरीच्या दालनात बघणारी मी एकटीच होते, आणि टेबलाशी तो, चित्रकार. त्याने मान वर केली, टेबलावर हात टेकून उठायला लागला आणि माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, मध्येच थांबून खाली बसला. मग मोबाइल उचलून वाचत असल्यासारखं करायला लागला.

वहिनीचं म्हणणं, गुडघे दुखत असतील. असतीलही. पण गुडघे दुखणारा माणूस उठायची घाई करत नाही.

वेळ चुकली म्हणावं, तर तीही नाही. मुंबईत काळा घोड्याला चित्रं बघायची तर आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी १२ ते ३, हे मीच सगळ्यांना सांगत असते. जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं, पुढच्या सोमवारी संपतं. वेळ ११ ते ७, तिकीट नाही. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटन, म्हणजे पाहुणे, पुष्पगुच्छ, फोटो; चित्रांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. शनिवार-रविवारी सगळी मुंबई येते. सोमवारी दुपार कलली की बबल रॅपचे रोल बाहेर येतात आणि अर्ध्या भिंतीचं लक्ष परतीच्या टेम्पोकडे असतं. राहिले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. दालन रिकामं, चित्रासमोर हवं तेवढं मागे सरकता येतं, कुणाचा सेल्फी आडवा येत नाही. बघणाऱ्याला याहून चांगली वेळ नाही. चित्रकाराला मात्र हीच वेळ सगळ्यात जड, हे आजपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. ज्या रिकामेपणासाठी मी लोकल पकडून जाते, त्यात तो सकाळपासून बसलेला असतो.

आणि बसण्याआधीचं? जहांगीरला अर्ज केल्यापासून भिंत मिळेपर्यंत वर्षं जातात. मग सुरू होते फ्रेमवाल्याकडची वारी. जलरंग असले की ताप दुप्पट. कागद काचेला टेकता कामा नये. आपल्या दमट हवेत चिकटला की सोडवताना रंगासकट निघतो. म्हणून मध्ये माउंट, जाड पुठ्ठ्याची चौकट, तिच्यामुळे काच आणि कागद यांच्यात दीड-दोन मिलिमीटर हवा राहते. मागे बोर्ड, त्याच्या कडा टेपने बंद. तिथे हात आखडला की पावसाळ्यात बुरशी आत शिरते आणि मोकळ्या आकाशात तपकिरी ठिपके उगवतात. टेम्पोत काचेच्या फ्रेमा आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. काचेला काच आणि पाठीला पाठ, नाहीतर एकीचा हुक दुसरीच्या काचेत घुसतो. काचेवर मास्किंग टेपची फुली, म्हणजे फुटलीच तर तुकडे कागदावर पडून चित्र फाटत नाही. ती टेप पोचल्या पोचल्या काढायची. तापली की गोंद काचेवर बसतो आणि उद्घाटनाच्या दिवशी माणूस थिनरचा बोळा घेऊन भिंतीसमोर उभा.

टांगण्याचंही शास्त्र आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर. नवखे लोक सगळ्या फ्रेमांच्या वरच्या कडा एका रेषेत आणतात, मग लहान चित्रं कपाळाच्या वर लोंबतात. मध्य जुळवायचे असतात, कडा नाही. दिवा तिरका, ३० अंशांच्या आसपास. समोरून मारला की काचेत दिव्याचा गोळा आणि खाली आपलंच डोकं. आजच्या दालनात तिसऱ्या की चौथ्या चित्रात हेच झालं होतं. नदीकाठ होता. मला माझी पर्स दिसली, नदी नाही. दोन पावलं डावीकडे सरकलं की दिसते, पण तेवढं कोण सरकतं?

हे सगळं त्या माणसाने केलेलं. आणि मी आत आले, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेरी मारली, आणि निघाले. तो अर्धा उठला तेव्हा मी हसायला हवं होतं का? की मान हलवायची?

पण मग माझंही कुणी विचारावं ना. ठाण्याहून जायचं म्हणजे काय ते टाऊनमधल्या माणसाला कळायचं नाही. रविवारी जावं तर मेगाब्लॉक. बहुतेक वेळा माटुंगा-मुलुंडच्या मध्येच कुठेतरी, मग जलद गाड्या धिम्या रुळावर. आठवड्याच्या मधल्या वारी जावं तर रजा टाकावी लागते. जलद लोकल सरळ चालली तर सीएसएमटीला पाऊण तास. तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक ओलांडून काळा घोडा, दीड किलोमीटरच्या आसपास. हल्ली भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून एकच स्टेशन, हुतात्मा चौक. पण खाली उतरा, वर चढा यात तेवढी चाल होतेच. येताना सहाच्या पुढे निघालं तर कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत पाय ठेवू नये, ठाणे लोकलच बघावी. हळू जाते, पण ठाण्याला उतरायला मिळतं. एवढं करून जायचं, चपलांचे पट्टे घासलेले, आणि त्यात एका अनोळखी माणसाच्या अर्ध्या उठण्याचं ओझं घेऊन यायचं. आमच्या वाट्याला नुसतं चित्र बघणंसुद्धा नाही.

हे वाचून मलाच हसू येतंय. अण्णा असते तर म्हणाले असते... जाऊ दे.

मेलेल्या चित्रकारांचं बरं असतं. रस्ता ओलांडला की एनजीएमए, सरकारचं आधुनिक कलेचं संग्रहालय, सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६पासून. सोमवारी बंद, तिकीट किरकोळ. तिथे गायतोंड्यांचं चित्र असलं तर समोर हवं तेवढं उभं राहा किंवा नुसतं ओलांडून जा, गायतोंडे खुर्चीतून उठत नाहीत. तिथे अर्धगोल मजले एकावर एक आहेत आणि शेवटी घुमट. आधी सगळं चढून घ्यावं आणि बघत बघत उतरावं, नाहीतर घुमटाखाली पोचेपर्यंत पोटऱ्या भरतात आणि तिथली चित्रं दमलेल्या डोळ्यांनी बघितली जातात. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयातही तेच सुख. मातीच्या छोट्या बाहुल्यांतली जुनी मुंबई काचेच्या कपाटात, कुणाला काही अपेक्षा नाही. ते बुधवारी बंद असतं, हे लक्षात ठेवायचं; शेजारची राणीची बागही बुधवारीच बंद, म्हणजे मुलांना घेऊन गेलं तर दोन्हीकडून परत.

काळा घोडा महोत्सवात तर प्रश्नच येत नाही. १९९९पासूनचा, जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस, आणि रस्त्यावर मांडलेल्या मोठाल्या रचनांशेजारी त्या बनवणारा क्वचितच असतो. असला तरी गर्दीत ओळखू येत नाही. जायचं तर पहिल्या सोमवार-मंगळवारी, चारच्या आत. शेवटच्या शनिवार-रविवारी रचना दिसत नाहीत, त्यांच्यासमोर फोटोसाठी उभे राहिलेले लोक दिसतात. बाकी वहिनीला तोच दिवस आवडतो.

म्हणजे माझी अडचण चित्रांची नाही. चित्र आणि ते काढणारा माणूस एकाच खोलीत असले की होते ती.

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये, कारागिरांच्या त्या बाजारात, मात्र असं कधी होत नाही, आणि मघापासून मी त्याचाच विचार करतेय. तिथेही बनवणारा समोर उभा असतो. ठाण्याहून पनवेल लोकल, बेलापूरला उतरायचं, चढावरचा हाट. वारली चित्रं घेऊन बसलेला माणूस मी आल्यावर पूर्ण उठतो, तीन चित्रं उलगडतो, मी उलटून-पालटून बघते. रेघ हाताची की छापाची, ते जवळून कळतं: बांबूच्या काडीने काढलेल्या रेघेची जाडी सुरुवातीला आणि शेवटी सारखी नसते, पांढरा रंग कुठे दाट, कुठे विरळ. छापातले तारपा वाजवणाऱ्याभोवतीचे सगळे नाचणारे एकाच मापाचे. हाताने काढलेल्यांत एखाद्याचा पाय कापडाच्या कडेला आखूड पडलेला असतो. पूर्वी तांदळाच्या पिठाचा रंग आणि गेरू, आता कापडावर बहुधा अॅक्रिलिक. त्यात फसवणूक काही नाही, विचारलं तर ते स्वतःच सांगतात. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला २०१४मध्ये. तर ते असो. सांगायचं हे की हाटात न घेता निघायला शब्द आहेत. "बघते", "परत येते", "जरा पुढे जाऊन येते". तोही म्हणतो, "या ताई." दोघांनाही माहीत असतं की ताई येणार नाहीत. कुणाचं काही बिघडत नाही, मी गेल्यावर तो दुसऱ्यासाठी उठतो.

दालनात हे शब्द चालत नाहीत. तिथे किंमत टेबलावरच्या यादीत असते, ती मागावी लागते, आणि मागितली की आपण गिऱ्हाईक झालो. न मागितली की आपण कोण? विकलेल्या चित्राखाली लाल टिकली असते. आज एकही नव्हती. मी मोजायला गेले नाही, पण नसलेली टिकली लगेच दिसते.

इथे ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनात हा त्रास कमी, कारण तिथे चित्रकाराभोवती त्याचे नातेवाईक असतात आणि आपल्यालाही तेच समजतात. उपवनच्या महोत्सवात तर तळ्याकाठचा वारा आणि खाऊगल्ली, चित्रांसमोर कुणी एवढं थांबतच नाही. (हे लिहिताना जरा वाईट वाटलं. पण खरं आहे.)

मग टेबलावरची ती वही. अभिप्राय लिहा म्हणून उघडी ठेवलेली, मध्ये पेन. आज मी ती चाळली, त्याच्याकडे न बघता. "अप्रतिम." "खूप सुंदर कलाकृती." "पुढील वाटचालीस शुभेच्छा." त्या माणसाचे केस पूर्ण पांढरे होते, वाटचाल बरीच झालेली असणार. मी लिहिलं "छान" आणि खाली सही अशी केली की नाव वाचता येऊ नये.

तसं बघितलं तर इतकं अवघड नाही. वहीत चित्राचा क्रमांक लिहायचा आणि त्यात काय दिसलं ते एका ओळीत. "१४: भिंतीचा पांढरा रंग लावलेला नाही, कागदच सोडलाय." एवढ्याने कळतं की हा माणूस थांबला होता. जलरंगात पांढरं म्हणजे बहुतेक वेळा न रंगवलेला कागद. तो शेवटपर्यंत राखणं हीच तर मेहनत, एकदा ओघळ गेला की परत पांढरं होत नाही. आणि बोलायचंच झालं तर "किती वेळ लागला?" विचारू नये. तासाभरात काढलं म्हटलं तर आपल्याला किंमत जास्त वाटते, महिना म्हटलं तर आपल्याला विश्वास बसत नाही. उत्तर काहीही आलं तरी पंचाईत. कागद कुठला, हे विचारावं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, असला तरी हॉट प्रेस (गुळगुळीत) की कोल्ड प्रेस (किंचित खडबडीत), ताणून घेतला होता की तसाच. चित्रकार यावर दहा मिनिटं आरामात बोलतात, त्यात विकत घेण्याचा विषय निघत नाही, आणि आपल्याला नदीकाठच्या चित्रात रंग दाणेदार का फुटलाय तेही कळतं. खडबडीत कागदाच्या खळग्यांत रंगाचे कण बसतात, म्हणून.

हे सगळं मला येतं. आज दुपारीही येत होतं.

तर मग त्याच्या अर्ध्या उठण्याचं एवढं का लागलं? कदाचित त्याने मला बरोबर ओळखलं म्हणून. बघणारी आहे, बोलणारी नाही, घेणारी तर नाहीच. उठण्यात अर्थ नाही. पन्नासेक माणसं आत-बाहेर होताना बघून दाराशीच हे कळायला लागत असेल. रिक्षावालासुद्धा लांबूनच ओळखतो, हिला जवळचं भाडं आहे. त्याचं आपण मनाला लावून घेतो का? घेतो, पण दोन मिनिटं.

फेब्रुवारीत जे. जे. स्कूलचं वार्षिक प्रदर्शन असलं तर तिथे जावं म्हणते. स्टेशनच्या जवळच, आणि मुलं उठून उभी राहत नाहीत, कोपऱ्यात घोळका करून वडापाव खात असतात. आपण विचारलं की चौघं एकदम बोलतात. जहांगीरला मात्र याच शुक्रवारी, हे प्रदर्शन सोमवारी उतरायच्या आत. वहिनीला घेऊन जाईन. ती दारातूनच विचारते, "हे केवढ्याला?" आणि आकडा ऐकून मोठ्याने "अरे बापरे" म्हणते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण मागच्या खेपेला तिथल्या चित्रकार बाईंनी तिलाच खुर्ची दिली आणि मला कॅटलॉग धरायला लावलं.