बाद कार्डांच्या नख्या

बँकेचं कोणतंही कार्ड हातात घ्या. जगात कुठेही छापलेलं असलं तरी त्याची जाडी ०.७६ मिलिमीटरच्या आसपास भरते, कारण यंत्रात जाणाऱ्या कार्डांचं माप आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरलेलं आहे. गिटारच्या तारा छेडायला बोटांत धरतात त्या छोट्या तुकड्याची, म्हणजे मध्यम पिकची, जाडीही साधारण एवढीच. परदेशात आल्यावर माझ्या खणात बाद कार्डांचा ढीग साठला होता: बँकेचं, वाचनालयाचं, बसचं, विम्याचं, शिवाय दुकानांची पॉइंट जमवायची. मुदत संपली की नवं कार्ड टपालाने येतं आणि जुनं तसंच पडून राहतं. त्या ढिगाकडे बघताना हा आकडा आठवला आणि गेली दोन वर्षं मी या कार्डांच्या नख्या, म्हणजे गिटारचे पिक, करून विकते आहे.

आपल्याकडे सतारीची असते ती नखी, म्हणून मी पिकलाही नखीच म्हणते. घरच्यांना ते लगेच कळतं.

टाकाऊतून वाजवायचं साधन करणं ही काही नवी गोष्ट नाही. सरोद छेडायचा तुकडा, म्हणजे जवा, नारळाच्या करवंटीचा करतात, तेही खोबरं काढून उरलेलंच. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे इंग्लंडच्या सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतो आणि त्याच्या घरी बनवलेल्या गिटारचा गळा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा आहे. पूर्वी चांगला पिक म्हणजे हॉक्सबिल कासवाच्या कवचाचा. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रेआ यांनी सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या पत्र्यातून पिक कापायला सुरुवात केली आणि पुढे कवचाची जागा सेल्युलॉइडने घेतली. कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली ती १९७० च्या दशकात. एका प्लास्टिकने कासवाची शिकार कमी व्हायला हातभार लावला आणि आज प्लास्टिकच समुद्रात कासवांच्या पोटात जातं, हे काम करताना माझ्या मनातून जात नाही.

आता प्रत्यक्ष काम. स्टेपलरसारखा दिसणारा एक पंच मिळतो. त्यात कार्ड सरकवून दाबलं की गोलसर त्रिकोण खाली पडतो. एका कार्डातून चार, फार तर पाच नख्या निघतात. कार्ड कोणी दिलेलं असेल तर नाव, नंबर, चिप आणि मागची काळी पट्टी यांचे मी आधी त्यांच्यासमोरच बारीक तुकडे करते. हे मी कधीही टाळत नाही. मग टॅप करून पैसे देतात त्या कार्डांची गोष्ट. त्यांच्या आत तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात, बहुतेक कडेने फिरवलेले. ती तार नखीच्या टोकात आली तर काठावर तांबूस ठिपका दिसतो आणि स्ट्रिंगवर खरखरतो. असे तुकडे बाद.

पंचमधून निघालेली नखी म्हणजे नुसता आकार. काठाला एका बाजूने बोट फिरवलं तर बारीक धार लागते, दाबाने पांढरट झालेली. अशी नखी स्ट्रिंगवरून जाताना प्रत्येक सुराआधी 'चिक्' असा आवाज करते. म्हणून पॉलिश पेपर: आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००, म्हणजे दर वेळी आणखी बारीक. पेपर पाण्यात भिजवून घ्यायचा, म्हणजे भुकटी उडत नाही. दोन्ही बाजूंनी काठाला थोडा उतार द्यायचा, टोकाकडे जरा जास्त. शेवटी जुन्या जीन्सच्या तुकड्यावर दाबून घासायचं. एका नखीला दहा-बारा मिनिटं लागतात आणि खरा सूर याच दहा-बारा मिनिटांत तयार होतो. यंत्राने घासून पाहिलं, पण कार्ड पीव्हीसीचं असतं, गरम झालं की काठ चिकट होऊन फिसकटतो. पीव्हीसी वितळवण्याचा विचार तर कोणी करूच नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो वायू फुफ्फुसाला घातक आहे.

इतर गोष्टीही करून पाहिल्या. सीडी १.२ मिलिमीटरची, पॉलिकार्बोनेटची. आवाज टणक आणि स्वच्छ येतो, पण कापताना तडकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. शिवाय वरचा चंदेरी थर बोटांना लागतो, तो चिकटपट्टीने उपटून काढावा लागतो. बाटल्यांची झाकणं वितळवून दाबली तर सुंदर रंगीत पत्रा होतो, पण तो थंड होईपर्यंत वजनाखाली ठेवला नाही तर वाकतो. ते प्लास्टिक मऊ असल्याने स्टीलच्या स्ट्रिंगवर टोक लवकर झिजतं. मी त्या नख्या युकुलेले, म्हणजे नायलॉनच्या तारांचं छोट्या गिटारसारखं वाद्य, वाजवणाऱ्यांनाच देते.

विक्री सुरू करण्याआधी व्हिसाच्या अटी नीट वाचा, हे परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. पुष्कळ व्हिसांवर नोकरी करता येते पण स्वतःचा धंदा करता येत नाही, मग तो कितीही छोटा असो. मी आधी लेखी विचारून घेतलं आणि मगच हस्तकलेच्या बाजारात टेबल मांडलं.

पहिल्या महिन्यात मी 'टाकाऊपासून बनवलेले' अशी मोठी पाटी लावली होती. लोक थांबायचे, कौतुक करायचे आणि पुढे जायचे. पुढच्या वेळी पाटी लहान केली आणि टेबलाशेजारी गिटार ठेवली. आता लोक दोन-तीन नख्या वाजवून बघतात, त्यातली एक बोटांत राहते आणि ती विकली जाते. प्रत्येक पाकिटावर मी जाडी आणि कशापासून केली ते लिहिते.

एकदा एक तरुण दोन आठवड्यांनी परत आला. नखीच्या टोकाला पापुद्रे सुटले होते. कार्ड थर चिकटवून केलेलं असतं आणि ते जुनं, उन्हात राहिलेलं होतं. मी त्याला दुसरी दिली, पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण तशाच नख्या आणखी कितीजणांकडे गेल्या असतील ते मला कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून पंच करण्याआधी मी प्रत्येक कार्डाचा कोपरा चार वेळा मागेपुढे वाकवते. थर जरा जरी हलला तर ते कार्ड घेत नाही.

कापून उरलेली जाळी मात्र कचराच राहते. घासलेलं पाणी मी मोरीत ओतत नाही, रात्रभर ठेवून खाली बसलेला गाळ फडक्याने टिपून घेते. त्या जाळीचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, ती मी डब्यात साठवते आहे.

परवा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिला नख्या दाखवत होते. ती म्हणाली, "अगं, मग करवंटीची का नाही करून बघत?" काल नारळ फोडला. करवंटीचा बाक अंगठ्याखाली फार छान बसतो, पण कानशीने तासभर घासूनही टोक अजून जाडच आहे. आज पुन्हा बसते.